आधी कपार, मग मासा: छोट्या खाऱ्या टाकीत नवीन मासा आणताना

समुद्री मासे ठेवायची अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी कागदावर ११० लिटरची भरते. वाळू, लाईव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव वसलेले समुद्री दगड) आणि वरची दोन बोटं मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं ८५ ते ९० लिटर. दुकानात मासा पसंत करताना हा ९० चा आकडा डोक्यात ठेवायचा. त्याहून महत्त्वाची मोजणी मात्र दगडांची आहे. वर्ष-दीड वर्ष चाललेल्या टाकीत प्रत्येक चांगली कपार कुणाच्या तरी ताब्यात असते. पाणी उत्तम असूनही नवा मासा आठवड्याभरात मरतो, तेव्हा बहुधा त्याला रात्री अंग टाकायला जागाच मिळालेली नसते. म्हणून आधी मोकळी जागा शोधायची आणि त्या जागेत राहणारा मासा आणायचा. मासा आवडला, घरी आणला, आता राहील कुठेतरी, हा क्रम छोट्या टाकीत फसतो.

मोजणी रात्री करा. दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन लावून टाकीत बघा. लाल उजेडाने मासे फारसे बिचकत नाहीत. कोण कुठल्या दगडाखाली झोपलंय, ते कागदावर टाकीचं साधं चित्र काढून त्यावर लिहा. सलग तीन रात्री बघा, कारण एखादा मासा दोन जागा वापरतो. दिवसा खाणं टाकताना कोण कुणाला कुठून हाकलतो, तेही त्याच चित्रावर मांडा. चार दिवसांत टाकीचे मजले दिसू लागतात: वाळूचा तळ, दगडाच्या कपारी, दगडासमोरचं मोकळं पाणी आणि वरचा थर. यातला जो मजला रिकामा दिसेल, खरेदी तिथल्यासाठी.

एकही मजला रिकामा नसेल, तर मासा आणू नका. ९० लिटर पाण्यात चार ते पाच लहान मासे ही आमच्या मते वरची मर्यादा आहे, आणि तीही स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) चालू असताना आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत असताना.

आधी जुनं पाणी तपासा

टाकीतले जुने मासे तरतरीत दिसतात म्हणजे पाणी ठीक आहे, असं धरून चालू नका. माशांच्या घाणीतून होणारं नायट्रेट महिन्यामहिन्याने चढतं, पीएच हळूहळू उतरतो आणि जुने मासे त्या बदलाला सरावलेले असतात. नवा मासा त्याच पाण्यात एका तासात उतरतो आणि त्याला ते झेपत नाही. खरेदीच्या दोन आठवडे आधी मोजमाप घ्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (दशलक्षात २० भाग) आत, पीएच ८.० ते ८.३, अल्कलिनिटी (पीएच धरून ठेवायची पाण्याची ताकद) ८ ते १० डीकेएच आणि सॅलिनिटी (खारटपणा, गोड्या पाण्याच्या तुलनेतल्या घनतेने मोजलेला) १.०२५ ते १.०२६, म्हणजे हजारी साधारण ३५ भाग. नायट्रेट ५० निघालं तर एकदम अर्धं पाणी बदलू नका. चार-चार दिवसांनी १५-१५ टक्के बदलत खाली आणा.

सॅलिनिटी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून खारटपणा दाखवणारं यंत्र) वापरा आणि तो ३५ पीपीटीच्या (हजारी ३५ भाग) तयार द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य जुळवलेलं यंत्र वरच्या टोकाला चुकू शकतं. कोकणात इथेच आणखी एक घोळ होतो. उन्हाळ्यात पंखा लावून टाकी थंड ठेवली की दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडतं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. चार दिवस गावाला गेलात आणि ९० लिटरातलं ८ लिटर उडालं, तर ३५ चं ३८ च्या वर जातं. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, रोज, काचेवर मारलेल्या खुणेपर्यंत. विहिरीचं पाणी नको. जांभ्या दगडातल्या विहिरींना लोह असू शकतं आणि खतांचा नायट्रेटही उतरलेला असतो.

समुद्र दारात आहे म्हणून तिथलंच पाणी भरणारे बरेच आहेत. पाणी बदलायला ते चालतं, पण ऋतू पाहून. जून ते ऑक्टोबर नद्या भरून वाहतात, तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी पातळ आणि गढूळ असतं. नोव्हेंबर ते मे या काळात खाडीच्या मुखापासून आणि बंदरापासून लांब, पूर्ण भरतीला पाणी घ्या. दाट कापडातून गाळा, झाकलेल्या पिंपात अंधारात दोन आठवडे ठेवा, वरचं नितळ पाणीच वापरा आणि वापरण्याआधी सॅलिनिटी मोजा. नवीन मासा आणण्याच्या महिन्यात मात्र सिंथेटिक मीठच (समुद्रासारखं पाणी करायचं विकतचं मीठ) वापरावं. बाहेरून काय आलं याची एक शंका तरी कमी होते.

कुठल्या जागेला कोण

वाळूचा तळ रिकामा असेल तर पिवळी वॉचमन गोबी उत्तम. दहा सेंटिमीटरपर्यंत वाढते, भांडते ती फक्त आपल्यासारख्या दुसऱ्या गोबीशी. तिच्याबरोबर पिस्टल कोळंबी ठेवली तर काचेसमोरून उठवत नाही. कोळंबी आंधळ्यागत वाळू उपसत असते आणि तिची एक मिशी सतत गोबीच्या शेपटीला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवते आणि दोघं एकाच क्षणी बिळात. पण ही कोळंबी दगडाखालचीही वाळू काढते. दगड वाळूवर ठेवलेले असतील तर ते ढासळतात आणि मासा चिरडतो, कधी काचही फुटते. दगड आधी तळाच्या काचेवर टेकवून मग भोवती वाळू भरलेली असावी. तसं नसेल तर कोळंबी आणू नका, नुसती गोबी आणा.

कपार मोकळी असेल तर टेलस्पॉट ब्लेनी (जेमतेम सहा सेंटिमीटर) किंवा रॉयल ग्रामा (आठ सेंटिमीटर). ग्रामा पुढून जांभळा, मागून पिवळा. इथे एक फसगत ठरलेली. रॉयल डॉटीबॅक नावाचा मासाही पुढून जांभळा, मागून पिवळाच असतो आणि छोट्या टाकीत तो भयंकर भांडखोर. दोघं शेजारी ठेवून पाहायला मिळत नाहीत, म्हणून खूण लक्षात ठेवा. डॉटीबॅकच्या अंगावर जांभळा रंग सुरीने कापल्यासारखा एका रेषेत संपतो आणि पिवळा सुरू होतो. ग्रामाच्या अंगावर दोन्ही रंग ठिपक्याठिपक्यांनी एकमेकांत मिसळतात, डोळ्यातून तिरकी गडद रेघ जाते आणि पाठीच्या पराच्या पुढच्या टोकाला काळा ठिपका असतो. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, इतक्या लांबून येणारा. फार स्वस्तात मिळाला तर परावरचा ठिपका नक्की तपासा.

दगडासमोरच्या मोकळ्या पाण्यासाठी फायरफिश. शांत, देखणा, पण अतिशय घाबरट, आणि घाबरला की उडी मारतो. टाकीला जाळीचं झाकण नसेल तर हा मासा सकाळी फरशीवर सुकलेला सापडतो. झाकण घरी होतं: वायरिंगच्या पीव्हीसी केसिंग-कॅपिंग पट्टीची चौकट करा, खाचेत नायलॉनची ६ मिलीमीटर जाळी ताणून कॅपिंग दाबा. जाळी बंदरावर जाळी विकणाऱ्याकडे मिळते. लोखंडी तारेची जाळी नको, खाऱ्या हवेत महिन्यात गंजते आणि गंज पाण्यात पडतो. जिथून वायर आणि पाइप आत जातात ती फटही बंद करा. मासा नेमका तिथूनच जातो.

बंगाई कार्डिनल हाही याच मजल्यावरचा. इंडोनेशियातल्या बंगाई बेटांभोवतीच सापडणारा हा मासा निसर्गात धोक्यात आहे, म्हणून तो टाकीत जन्मलेलाच मागा. एकच घ्या. दोन नर छोट्या टाकीत एकमेकांना जगू देत नाहीत आणि नर-मादी बाहेरून ओळखणं कठीण.

क्लाउनफिश, म्हणजे पोरांचा निमो, बहुतेक टाक्यांत आधीच असतो. जोडी असेल तर तिसरा आणू नका. या जातीत सगळे आधी नर असतात, सर्वांत मोठा तो मादी होतो आणि जोडी जमली की बाकीच्यांना जागा उरत नाही. एकटाच असेल तर त्याच्याहून स्पष्टपणे लहान दुसरा आणा. सारख्या आकाराचे दोन मोठे क्लाउन म्हणजे दोन माद्यांची लढाई होऊ शकते. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करून दाखवलेली आहे आणि टाकीत वाढलेली पिल्लं बाजारात मिळतात. ती पहिल्या दिवसापासून दाणे खातात आणि सहसा परजीवी घेऊन येत नाहीत. थोडे पैसे जास्त पडले तरी तीच घ्यावीत.

आता नको असलेल्यांबद्दल. ब्लू टँग ३० सेंटिमीटर होतो, त्याला ही टाकी म्हणजे कोंडवाडा. मँडरिन दिसायला अप्रतिम, पण दिवसभर दगडावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून जगतो. ९० लिटरात ते काही आठवड्यांत संपतात आणि तो उपाशी मरतो. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणाऱ्या क्लीनर रॅसचंही तसंच. तीन पट्ट्यांचे आणि डोमिनो डॅमसेल स्वस्त असतात, लहानपणी गोड दिसतात आणि वर्षभरात साऱ्या टाकीला छळतात. निळा, पिवळ्या शेपटीचा डॅमसेल त्यांच्या मानाने सौम्य. तोही आणायचाच तर सर्वांत शेवटी.

ओहोटीला खडपातल्या डबक्यांतून पोरं मासे पकडून आणतात, त्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर त्या डबक्यांत सहज सापडतात. बोटभर असताना घरी येतात, वाढून वीतभर होतात, आणि वृत्तीने डॅमसेलच. केंड घाबरला किंवा मेला तर विष सोडतो. शिंगाळ्यासारख्या काटेरी माशांचा डंख हाताला बसतो. शिवाय रानातून आलेला प्रत्येक मासा परजीवी घेऊन येतो, असंच समजावं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून काहीही उचलू नये. समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, मग ते कुठेही सापडोत आणि कुणीही विकोत.

कधी आणायचा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या काळात घरातलं पाणी २५ ते २७ अंशांवर सहज राहतं आणि प्रवासात पिशवी तापत नाही. एप्रिल-मेमध्ये दिव्यांखाली पाणी ३१ च्या वर जातं. २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६.७ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ६.२. फरक थोडा वाटतो, पण उष्ण पाण्यात माशाला प्राणवायू लागतोही जास्त. प्रवासाने थकलेला मासा तिथेच हरतो. पंख्याचा उपाय मे महिन्यात थोडा चालतो. जुलैत हवाच ओली असते, पाणी उडत नाही, म्हणून पंख्याने फारसं काही होत नाही. त्या दिवसांत चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) नसेल तर नवीन मासा नको.

जून-जुलै टाळण्याचं आणखी एक कारण वीज. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. एरवीही पावसाळ्यात तास-दोन तास जातेच. बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप टाकीला लावलेला असावा, किंवा घरच्या इन्व्हर्टरवर ५ वॅटचा एअर पंप. ही सोय मासा आणण्याच्या आधी.

दुकानात

मासा निवडला की दुकानदाराला त्याला खायला घालायला सांगा. पहिला घास त्याने कसा घेतला ते पाहा: खाण्याकडे वळला, डोळे त्यावर रोखले आणि गिळलं, तर ठीक. तोंडात घेऊन थुंकला, पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला, तर सोडा. अजिबात बघितलंच नाही तर कितीही सुंदर असो, सोडा. मग घड्याळ लावून पंधरा सेकंद कल्ल्यांची उघडझाप मोजा आणि चाराने गुणा. त्याच टाकीतल्या इतर माशांपेक्षा खूप जास्त भरली, किंवा मासा पंपाच्या प्रवाहात तोंड धरून उभा असेल, तर कल्ल्यांत काहीतरी आहे. पोट बाजूने खपाटीला गेलेलं, डोक्यामागचं मांस बसलेलं, डोळ्यावर धुरकट पडदा, दगडावर अंग घासणं, यातलं एकही दिसलं तर घेऊ नका. अंगावर पांढरे ठिपके एकाच माशाच्या दिसले तरी त्या पाण्यातला दुसरा मासाही घेऊ नका. दुकानात बऱ्याचदा सगळ्या टाक्यांचं पाणी एकच फिरत असतं.

मासा दुकानात येऊन किती दिवस झाले, विचारा. आठ-दहा दिवस काढलेला मासा घ्यावा. आगाऊ पैसे देऊन तिथेच ठेवायला सांगितलं तर बरेच दुकानदार ऐकतात. आणि त्यांच्या टाकीची सॅलिनिटी विचारा, जमल्यास स्वतः मोजा. ती १.०१८ ते १.०२० इतकी कमी ठेवलेली असू शकते. हा आकडा पुढे लागणार आहे.

मुंबईहून, म्हणजे क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानांतून आणत असाल, तर रात्रीचा प्रवास बरा. कोकणकन्या रात्री सुटते आणि पहाटे रत्नागिरीला पोचते, ऊन लागायच्या आत मासा घरी. माशाला प्रवासाच्या आदल्या दिवशी खायला घालू नये. दुकानात खाऊन दाखवलेला मासा लगेच न उचलता मधला एक दिवस जाऊ देऊन उचलावा. पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश प्राणवायू, दुहेरी पिशवी, थर्मोकोलची पेटी, पेटी बंद आणि अंधारी.

वेगळी टाकी, चार आठवडे

हे टाळलं तर बाकी सगळं वाया जाऊ शकतं. पांढऱ्या ठिपक्यांचा खाऱ्या पाण्यातला परजीवी माशावर काही दिवस राहतो, मग गळून वाळूत-दगडावर पुटकुळी धरून बसतो. ती पुटकुळी फुटायला कधी तीन दिवस लागतात, कधी ७२. एकदा मुख्य टाकीत शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस बिनमाशांची ठेवणं हाच खात्रीचा मार्ग. तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालता येत नाही. कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ सगळे मरतात आणि तांबं दगडात मुरून राहतं.

दीड फूट बाय एक बाय एक फुटाची साधी काचटाकी पुरते, साधारण ४० लिटर. तळ उघडा, वाळू-दगड काही नाही. लपायला दीड इंची पीव्हीसीचे एल्बो आणि नळीचे तुकडे. वर जाळी. फिल्टर म्हणजे एक स्पंज, पण तो महिनाभर आधीपासून मुख्य टाकीच्या मागे एअर पंपावर चालवून अमोनिया पचवणारे जिवाणू धरलेला हवा. कोरा स्पंज लावला तर तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो आणि लोक आजार समजून औषधं घालतात. अमोनिया एक दिवसाआड मोजा. ०.२५ दिसला की पाव पाणी बदला.

या टाकीचं पाणी आधीच दुकानाच्या सॅलिनिटीला आणून ठेवा, म्हणून तो आकडा हवा होता. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, मग उघडा आणि मासा लगेच पाण्यात सोडा. लांबच्या प्रवासानंतर तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसणं घातक ठरतं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया तितका विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळतो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. पुढे दिवसाला ०.००१ याप्रमाणे सॅलिनिटी १.०२५ पर्यंत न्या. वर चढवताना घाई नको, खाली उतरणं माशाला सोपं जातं, चढणं जड.

खायला आर्टेमिया, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), आणि घरचं: बिनमिठाचा ताजा जवळा किंवा कोळंबी-तिसऱ्यांचा बारीक खिमा. धुऊन, पातळ वडी थापून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये कडक गोठवा, त्याने बरेच परजीवी मरतात. सुकट चालत नाही, त्यात मीठ आणि वाळू दोन्ही. दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

ठिपके दिसले तर तांब्याचं औषध याच टाकीत, किमान तीन आठवडे. बाटली कुठल्या प्रकारच्या तांब्याची आहे ते आधी वाचा. साधं आयनिक तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलीग्रॅम लागतं, चिलेटेड (दुसऱ्या रेणूला बांधलेलं) तांबं दीड ते दोन मिलीग्रॅम. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर मासा मरतो किंवा परजीवी जगतो. त्या प्रकाराला चालणारा टेस्ट किट नसेल तर औषध घालूच नका. अंगावर सोनेरी पिठासारखी धूळ आणि धापा म्हणजे व्हेल्वेट हा रोग, तो दोन-तीन दिवसांत मारतो, तिथे थांबून चालत नाही. क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट चिकट साल सुटत असेल तर तो ब्रुकलिनेला हा परजीवी. त्याला तांबं लागू पडत नाही, फॉर्मलिनचं औषध लागतं.

मुख्य टाकीत

संध्याकाळी, दिवे बंद करून. त्याआधी तासभर दोन-तीन दगड हलवा. ज्याची कपार त्याची हद्द, आणि कपारी बदलल्या की जुन्या माशांना आपापली हद्द नव्याने शोधावी लागते, त्या गडबडीत नवा सामावतो. जुन्यांना आधी पोटभर खायला घाला. छिद्रं पाडलेला पारदर्शक डबा टाकीत टांगून नव्याला दोन-तीन दिवस त्यात ठेवणं सर्वांत चांगलं. एकमेकांना दिसतात, चावता येत नाही. सर्वांत दांडगा मासा पहिले दोन दिवस दगडाऐवजी डब्यावर धडका मारतो, मग कंटाळतो. तो कंटाळला की डबा उघडा.

पहिले दोन दिवस पाठलाग होणारच. पर थोडे फाटले तर घाबरू नका, आठवड्यात भरतात. नवा मासा वरच्या कोपऱ्यात, पृष्ठभागाला चिकटून राहिला, खायला खाली आलाच नाही आणि हे तिसऱ्या दिवशीही तसंच असेल, तर हस्तक्षेप करा. अमोनिया दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी मोजा. खाण्याचं प्रमाण दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा, म्हणजे जिवाणूंनाही वाढायला वेळ मिळतो. पुढचा मासा सहा आठवड्यांच्या आत नाही.

हस्तक्षेप म्हणजे मारकुट्याला बाहेर काढायचं, नव्याला नाही. चार-पाच दिवस तो वेगळ्या टाकीत राहिला की परतल्यावर तोच नवखा ठरतो. जाळीने त्याच्यामागे लागू नका, सगळी टाकी उद्ध्वस्त होते. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापा, उलटा करून आत बसवा, तळात कोळंबीचा तुकडा ठेवा आणि बाटली वाळूवर आडवी टेकवा. त्या सकाळी टाकीला दुसरं काही खायला घालू नका. दांडगा मासा खाण्यालाही पहिला येतो. तो आत शिरला की बाटली तोंड वर करून हळू उचला.